एकही तक्रार नाही

मंदीत कारखाने बंद पडले, करवसुली आटली आणि महापालिकेच्या खर्चाला कात्री लावायचं काम माझ्याकडे आलं. लेखा विभागाची जुनी रीत: जिथून तक्रार येत नाही, ते आधी छाटायचं. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राची एकही तक्रार नव्हती. बाबा तिथे बुद्धिबळ खेळतात हे ठाऊक असूनही मी दारावर बंदची नोटीस लावली आणि मुदत संपताच कुलूप ठोकलं. बाबा तरीही रोज दुपारी पट काखोटीला मारून निघायचे. आज सभेला जाताना ते बसथांब्यावर दिसले, एकटेच. बाकावर पांढरं प्यादं सरकवलं की उठून पलीकडे बसायचे, काळं सरकवायचे. रात्री जेवताना विचारलं, "कोण जिंकलं?" "मीच. समोरच्याला पार घाम फोडला." "बाबा, एक तक्रार केली असतीत, तर केंद्र वाचलं असतं." "माहीत होतं रे. पण दारावरच्या नोटिशीखाली सही तुझी होती."