शेजारच्या खोलीची किल्ली

"दार उघड, म्हातारे!" भाडेकरणीच्या नवऱ्याने घरमालकिणीच्या कानाखाली वाजवली. त्याच्या माराला कंटाळून बायकोने सकाळीच मालकिणीकडून कुलूप बदलून घेतलं होतं. ती दाराआड श्वास रोखून उभी होती. मालकिणीच्या जुडग्यात तीस किल्ल्या होत्या, पण चोराला कळू नये म्हणून एकीवरही नंबर नव्हता. किल्लीचे दात चाचपून ती खोली ओळखायची. "देते रे बाबा, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत." त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं. रक्त पुसत तिने एक किल्ली काढून दिली: तशाच कुलपाची, पण शेजारच्या खोलीची. किल्ली आत गेली, फिरेना. "जोर लाव की, कुलूप नवं आहे." त्याने दोन्ही हातांनी पिळली आणि ती कुलपातच तुटली. तो मालकिणीकडे वळला. "आजी!" आतून बायकोची हाक आली, खिट्टी वाजली. मालकीण ओरडली, "दार उघडलंस तर उद्याच खोली खाली करायला लावीन!"