बशीभर चहा

कासारानं ओसरीवर बसून शरयूताईंच्या हातात कंप थांबवणारी नवी यंत्र-बांगडी भरली, तशी वर्षानुवर्षं थरथरणारी बोटं एकदम निवांत झाली. पायातली नवी जोडवी सकाळपासून तोल सांभाळत होतीच. भिंत न धरता त्या स्वयंपाकघरात आल्या.

"आज अर्धा कप नको," त्या नवऱ्याला, वामनरावांना म्हणाल्या. "बशी भरून द्या."

काठोकाठ भरलेली बशी ओठांशी आली, थेंबही सांडला नाही. वामनरावांच्या हातातली कपबशी मात्र काळजीनं खडखडत होती.

"अहो, बांगडी तुम्हालाच भरायला हवी होती!" म्हणत ताई खदखदून हसल्या आणि सगळा चहा पदरावर सांडला.

"बांगडी बिघडली वाटतं!" वामनराव गडबडले.

"छे! आजार कुठला नि हसू कुठलं, तिला बरोबर कळतं. भरा पुन्हा बशी!"