वार पुढं हाय

"आत्या, काल दुपारपासून हललं नाही."

गोजरबाई धार काढत होती. गोठ्याच्या दारात सून हर्षाली उभी होती, एक हात पोटावर. आठवा महिना सरत आला होता.

"वार पुढं हाय तुझी," गोजरबाई मान वर न करता म्हणाली. "डाक्टरीणबाईंनीच सांगितलंय ना, कमी कळल म्हून."

"कमी कळायचं, आत्या. पण कळायचं."

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाची वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, पोटाच्या पुढच्या बाजूला आहे, त्यामुळं हालचाल उशिरा आणि मऊ लागेल, घाबरू नका. त्यापुढं त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. एकदा कळायला लागल्यावर कमी झाली, तर लगेच निघून या. घरात पहिलं वाक्य राहिलं, दुसरं कुणी घरापर्यंत आणलंच नाही.

जाड गोधडीच्या आतून कुणी बोट फिरवावं, तसं हर्षालीला कळायचं. पुढून नाहीच, डाव्या कुशीला. जेवून आडवी झाली की हमखास. काल रात्री ती जेवून आडवी झाली आणि वाट बघत राहिली.

"मोठं झालं की जागा ऱ्हात न्हाई लेकराला," गोजरबाई बादली उचलत म्हणाली. "सुदर्शन शेवटाला असाच गप पडून व्हता. गुळाचा खडा खा, डाव्या अंगाला नीज. बायका आल्यात कांदं लावायला, त्यांचं बघते. उद्या जाऊ."

हर्षालीनं गूळ खाल्ला. डाव्या कुशीवर निजली. पत्र्याकडं बघत तिनं श्वाससुद्धा हळू घेतला, आपल्याच श्वासात ते हरवू नये म्हणून. मग उठली, पायात चपला घातल्या आणि शेतात गेली.

सुदर्शन वाफ्यांना पाणी देत होता. बायको बांधावर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "गाडी काढा." त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि फावडं तिथंच टाकलं. चिखलाच्या हातांनी गोजरबाईही पिकअपमध्ये चढली.

राजुरीच्या रस्त्यावर पहिला गतिरोधक आला तसा सुदर्शननं वेग कमी केला.

"हळू घेऊ नका," हर्षाली म्हणाली.

"अगं, धक्का बसल."

"बसू दे. दचकून तरी हलेल."

पुढचे तीन धक्के तिनं दोन्ही हात कुशीला लावून घेतले. चौथ्याला तिनं हात काढून घेतले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बराच वेळ मशीन फिरवत राहिल्या. एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं. मग त्यांनी हर्षालीचा हात धरला.

"ठोके नाहीत, हर्षाली."

"अवो, वार पुढं हाय ना तिची," गोजरबाई घाईनं म्हणाली. "त्येच्यानं लागत नसतील ठोकं."

"आजी, मशीनला वार आडवी येत नाही."

बाहेर सुदर्शननं विचारलं, "काल आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. गोजरबाई भिंतीला टेकून ऐकत होती. हातावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. तिनं तो धुतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. खोलीत कुणी रडलं नाही. साधना सिस्टरनं तिला पुसून हिरव्या कापडात गुंडाळलं आणि दाराकडं निघाली. दारात गोजरबाई उभी होती.

"तिला दावू नका. बघितलं की जीव गुततो. तसंच न्या."

सिस्टर थबकली.

"सिस्टर," मागून हर्षालीचा आवाज आला. "इकडं द्या."

"नगं पोरी..."

"आठ महिने मधे वार होती, आत्या. आता नाही." तिनं दोन्ही हात पुढं केले. "द्या."

सिस्टरनं बाळ तिच्या हातात दिलं. हर्षालीनं कापड सोडलं. तिनं पाठीवरून हात फिरवला, कानांच्या पाळ्या चाचपल्या, गुडघे मुठीत धरले. कुशीला लागायचे ते हेच असतील. एकेक बोट तिनं सोडवून बघितलं. सुदर्शन पायथ्याशी येऊन उभा राहिला आणि तिथंच खाली बसला.

गोजरबाई दारातच होती, खोलीकडं पाठ करून. मग ती तशीच पाठमोरी म्हणाली,

"नाक कुणावर गेलंय गं?"

हर्षालीनं बाळाकडं नीट बघितलं.

"तुमच्यावर."

गोजरबाई वळली. पण पाऊल पुढं पडेना.

"सुदर्शनच्या आदी मला एक झालं व्हतं," ती म्हणाली. सुदर्शननं मान वर केली. हे त्याला ठाऊक नव्हतं. "मरूनच आलं. सासूनं पाटीत घालून न्हेलं. पोरगा का पोरगी, त्ये बी सांगितलं न्हाई कुणी. मी इचारलं बी न्हाई. कोन इचारणार?" तिचे ओठ हलत राहिले. "अन् तुला मी म्हनलं, उद्या जाऊ."

हर्षालीनं बाळ छातीशी धरलं.

गोजरबाई खाटेपाशी आली. तिनं पदर दोन्ही हातांवर पसरला आणि तशीच उभी राहिली, मागत असल्यासारखी.

हर्षालीनं बाळ लगेच दिलं नाही. आधी कापड सारखं केलं, उघडे राहिलेले पाय झाकले. मग दिलं.