मेलेलं पाणी

डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, फ्योर्डच्या मधोमध होडी थांबली. हालवार घामाने निथळत वल्ही मारत होता, पण होडी हलेल तर शपथ! पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

"आई, खाली काही अडकलंय का गं?"

"अडकतंय कसलं! मेलेलं पाणी लागलंय," समोर बसलेली राग्नी म्हणाली.

डोंगरावरचा बर्फ वितळला की हे व्हायचंच. बर्फाचं गोडं पाणी वर पसरतं, समुद्राचं जड खारं पाणी खाली राहतं. भरलेल्या होडीचा तळ खोलवर गेला की त्या दोन पाण्यांच्या मध्ये लाटा उठतात. वर कुणाला पत्ताही लागत नाही. जितका जोर लावावा, तितक्या त्या होडीला मागे खेचतात.

आणि आज होडी भरलेली होती. पुस्तकांची खोकी, बापाची ऐरण, लहानपणीची बर्फावरची लोखंडी घसरगाडी. या खेपेला हालवारने माळ्यावरचं आपलं सगळं काढलं होतं. पुन्हा कधी येणार, हे तो बोलला नव्हता आणि तिने विचारलं नव्हतं.

"बर्गनला जाणारी बोट चुकली तर परवापर्यंत दुसरी नाही. अशा वेळी बाबा काय करायचे?"

बाबा वल्ही उचलून पाइप पेटवायचे. आतली लाट निघून जाऊ द्यायची, मग अगदी हळूहळू वल्हवायचं. एवढंच. राग्नीने ते चाळीस वर्षं पाहिलं होतं.

"जोर लावायचे," ती म्हणाली. "तुझ्यासारखं पीठ नव्हते ढवळत!"

त्याने आणखी जोर लावला. होडी जागच्या जागी. राग्नीने तपकिरी चीजचा तुकडा काढून त्याला भरवला. हात अडकलेले, करतो काय! त्याने मुकाट्याने खाल्ला आणि हसला. कित्येक वर्षांनी ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिला फार बरं वाटत होतं, आणि स्वतःची लाजही वाटत होती.

डोंगराआडून बोटीचा भोंगा ऐकू आला. हालवारचा चेहरा पडला. शाळेला उशीर झाला की पडायचा, अगदी तस्साच.

"वल्ही वर घे," राग्नी म्हणाली. "थांब जरा. हं, आता हळू."

थोड्या वेळाने होडी सुटली.

"तुला माहीत होतं?"

"आत्ता आठवलं."

धक्क्यावर खोकी चढली, ऐरण चढली, घसरगाडी चढली, मग तो चढला.

परतताना त्याच जागी येऊन राग्नीने जीव खाऊन वल्ही मारली. पुन्हा मारली. पण पाणी काही होडीला धरेना. रिकामी होडी सरसर घराकडे निघाली होती.