चांदीचा केर

"मम्मी, कंटाळा आलाय की गं."

तेजस्वीनं मान वळवली नाही. एका हातात चिमटा, दुसऱ्यात गॅसची नळी, पुढ्यात पैंजणाची साखळी. ज्योत हलली की कडी वितळते. कडी वितळली की साखळी वाया. चांदीकामाच्या हुपरीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि शांभवी तर आता तिसरीत जाणार.

"चित्र काढ जा."

"रंग संपले."

"मग असं कर..."

पुढचं ज्योतीच्या फुरफुरण्यात विरलं.

त्या खोलीत पंखा लावत नाहीत. ज्योत हलते आणि जमिनीवरची करडी धूळ उडते. त्या धुळीत कानशीनं घासलेल्या चांदीचा भुगा असतो. म्हणून दार लोटलेलं. म्हणून बाहेर पडताना उंबऱ्यावर तळपाय झटकायचे, आणि काम उरकलं की भिंतीपासून दारापर्यंत झाडून सगळा केर डब्यात भरायचा. डबा भरला की काम देणाऱ्या शेठकडं जातो, तिथं केर आटवून चांदी काढतात. चांदी शेठची, केरही शेठचा.

शांभवीचा बाप, शिवशरण, शेठचे पैंजण विकायला आग्र्याकडं गेलेला. मे महिना. गल्लीतली पोरं मामाच्या गावाला. घरात उरल्या दोघी. एक ज्योतीपुढं, एक तिच्या मागं.

तेजस्वीनं काही कमी केलं होतं असं नाही. रंगपेटी आणली, ती संपली. कुंभाराकडनं माती आणली, ती वाळली. मोबाईल दिला, तर त्याचाही पोरीला कंटाळा आला. मग कोल्हापुरातून मोनाआत्यानं एक व्हिडिओ धाडला. त्यातली बाई लाडिक आवाजात सांगत होती, मुलांना कंटाळू द्या, कंटाळ्यातूनच कल्पना फुटते. तेजस्वीनं तो नुसता कानानं ऐकला. डोळे कडीवर.

"कंटाळ तर मग," ती म्हणाली, आणि पुढची कडी उचलली.

त्या दिवसापासून पोरगी गप्प झाली. मागं कोपऱ्यात बसून राहायची. हूं नाही की चूं नाही. तेजस्वीला हायसं वाटलं. व्हिडिओतल्या बाईचं देव भलं करो.

संध्याकाळ. केरसुणी. डबा.

एकदाच शांभवी आडवी आली. "आज नको की झाडू."

"का?"

"असंच."

"लोकाची चांदी हाय ती, खेळ न्हवं. हो बाजूला."

झाली बाजूला. तेजस्वी वाकून झाडत गेली. डोक्यात रात्रीची आमटी, शिवशरणचा न आलेला फोन.

संध्याकाळ. केरसुणी. डबा.

मधूनच तिच्या मनात यायचं, हातातलं खाली ठेवावं, जरा मागं वळून पोरीशी...

संध्याकाळ. केरसुणी. डबा.

बुधवारी भर दुपारी गॅस संपला. ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली. दुसरी टाकी संध्याकाळशिवाय येणार नव्हती. रिकाम्या हातांचं काय करतात, ते तेजस्वी विसरून गेली होती. मग उठली, वळली.

शांभवी भिंतीला टेकून झोपलेली. उजव्या हाताचं बोट करडं. तिच्या पुढ्यात, धुळीत, बोटानं ओढलेल्या रेघा.

तेजस्वीला आधी वाटलं, डोंगर. मग वाटलं, पोतं असावं. पोत्यावर एक गोळा, गोळ्यात आडवी काडी खुपसलेली.

तिचा हात आपसूक अंबाड्याकडं गेला. केस तोंडावर येतात म्हणून सकाळी तिनं शांभवीची पेन्सिल त्यात खोचली होती.

चित्रात पाठीवर एक तिरकी रेघ होती, फाटल्यासारखी. तेजस्वीनं हात मागं नेला, कुडत्यावरून चाचपलं. शिवण उसवली होती. तिला पत्ताच नव्हता. आणि खाली, मांडीबाहेर आलेला एक तळवा. त्याच्या टाचेवरची भेगसुद्धा.

एकही रेघ पुसून पुन्हा काढलेली नव्हती. हात बसलेला होता.

तिनं डब्याकडं पाहिलं. डबा गळ्यापर्यंत भरला होता.

शांभवी दचकून जागी झाली. आई समोर उभी दिसताच तिनं सवयीनं पाय पोटाशी ओढून घेतले, झाडायला जागा करून दिली.

"र्‍हाऊ दे," तेजस्वी खाली बसली. "ही मी हाय?"

"व्हय."

"मग तोंड कुठं हाय माझं?"

शांभवीनं एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा विझलेल्या ज्योतीकडं.

"हितनं कुठं दिसतंय?"