वेनीची चिंधी

“मग? हरीण कुणी चुकवलं?” हॉइटकाकांनी कात्री दोनदा हवेत वाजवली.

जेवायला बसलेली मंडळी स्ट्यूच्या वाट्या हातात घेऊन भिंतीकडे वळली. भिंतीवर नुसत्या चिंध्या होत्या. चौकडीच्या, खाकी, काही विटून पांढऱ्या पडलेल्या. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर त्याचं नाव लिहायचं आणि इथे ठोकायचं, हा या शिकारी क्लबचा कायदा. अलाबामातलं हे जंगल लाकूड कंपनीचं, क्लबकडे नुसतं भाड्याने. कंपनीने दोनदा जागा बदलायला लावली. दोन्ही वेळा माणसांनी चूल, खाटा, सगळं मागे सोडलं, पण ही भिंत मात्र फळीफळीने उतरवून ट्रकवर घालून आणली.

टेसाने लेकीकडे पाहिलं. वेनी नऊ वर्षांची, आज तिची पहिलीच शिकार. ओठ घट्ट मिटलेले. मचाणावर मायलेकी दोघीच होत्या, गोळीचा आवाज सगळ्या जंगलाने ऐकला होता आणि परत येताना दोघींचे हात रिकामे होते. आता एवढे बाप्ये हसतील, पोर रडेल, आणि पुन्हा कधी इथे पाऊल ठेवायची नाही.

“मी,” टेसा म्हणाली. “मी चुकवलं.”

“आई!”

“तू जेव गं.”

ड्यूईने चमचा खाली ठेवला. ड्यूई म्हणजे क्लबातला सगळ्यात जाडा आणि सगळ्यात बोलका माणूस. “अरे वा, टेसाबाई! परवा माझ्या ट्रकचं दार आपटलं तर कानांवर हात ठेवून बसला होतात की!”

“सवय झाली आता.”

“असं?” हॉइटकाकांनी चष्मा वर सरकवला. “मग सांग बघू, हरीण आलं कुठून?”

“झाडांतून.”

हशा उसळला. “इथे झाडांशिवाय आहे काय? कंपनीने दुसरं काही लावलंय का?”

“बरं, शिंगं कशी होती?”

टेसाने जरा विचार केला. “दोन होती.”

“बकरीलापण दोनच असतात, बाई!” ड्यूईच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

खरं म्हणजे टेसाने हरीण पाहिलंच नव्हतं. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. मोठा आवाज झाला, लेकीची पाठ तिच्या छातीवर येऊन आदळली, आणि तिने डोळे उघडले तेव्हा समोरच्या गवतात काहीच नव्हतं.

हॉइटकाकांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग कात्री टेबलावर ठेवली. “जाऊ दे. आज कुणाचंच काही कापायला नको. पोरीचं वय तरी काय! चला, स्ट्यू निवतोय.”

“हो हो, लहान आहे,” सगळेच म्हणाले. कुणीतरी वेनीच्या ताटलीत मक्याच्या पावाचा मोठा तुकडा ठेवला. टेसाने सुटकेचा श्वास सोडला.

आणि वेनी रडायला लागली.

“मी चुकवलं! मी! आठ टोकांची शिंगं होती त्याला! ओढ्याकडून आलं, थांबलं, माझ्याकडे बघितलं त्याने, आणि मी घाई केली! आई खोटं बोलतेय!” तिने शर्टाची कॉलर बाजूला ओढली. खांद्यावर बंदुकीच्या धक्क्याचा लालभडक डाग होता.

“अगं बाई! बघू, किती लागलंय?”

“हात नको लावू!” वेनी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. “ही हॉइटकाकांची आहे. ड्यूईकाकांच्या तर चार आहेत.”

“पाच,” ड्यूई म्हणाला. “ती निळीपण माझीच.”

“मग माझी का नाही? मी काय पाहुणी आहे?”

कुणी हसलं नाही. हॉइटकाकांनी कात्री उचलली, दोन पावलं टाकली आणि ती टेसाच्या पुढे धरली.

“कापायचं काम माझं असतं. पण मचाणावर मी नव्हतो, तू होतीस.”

टेसाने कात्री घेतली. शर्ट नवा होता, पुढच्या वर्षीही व्हावा म्हणून मोठा घेतलेला. तिने कापड ओढून धरलं, लेकीची पाठ आणि कात्री यांच्यामध्ये आपला पंजा घातला आणि अगदी कडेकडेने कापायला लागली.

“हे काय, बोटाला बांधायची पट्टी काढताय का?” ड्यूई ओरडला.

“आई, नीट काप ना.”

टेसाने पंजा काढून घेतला. कात्री वर चढवली आणि एका दमात कंबरेपर्यंतचं कापड उतरवलं. टाळ्या पडल्या. वेनीने नाक पुसलं, खडूसारख्या जाड पेनाने चिंधीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, आणि खिळा स्वतःच ठोकला. दोन खिळे वाकले, तिसरा बसला. ड्यूईने आपली निळी चिंधी जरा बाजूला सारून तिला जागा करून दिली.

घरी जाताना दूध घ्यायला मायलेकी एका दुकानापाशी थांबल्या. बाहेर बोचरा वारा होता.

“जाकीट घाल, वेनी.”

“नको.”

“कंबर उघडी पडलीय, पोरी. सर्दी होईल.”

“होऊ दे.”

दुकानात रांग होती. वेनी मुद्दाम आईच्या पुढे उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ करून, ताठ. तिची कंबर थंडीने लाल झाली होती. टेसाने हातातल्या जाकिटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मागची बाई वाकून हळूच म्हणाली, “अहो, तुमच्या मुलीचा शर्ट फाटलाय हो मागून.”

“फाटलेला नाही,” टेसा म्हणाली. “मी कापलाय.”