थरांचा क्रम

"ताई, तुझं घर उंचावर आहे," तो म्हणाला. "संगणक खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

ताईने भावाच्या ऑफिसातल्या पडद्याकडे पाहिलं. हिरवी जमीन, तिच्यावरून करड्या पट्टीसारखा नवा रस्ता, आणि पावसाचं पाणी कुठे वाहणार ते दाखवणारे निळे बाण. सगळे बाण तिच्या वसाहतीपासून शहाण्या मुलांसारखे लांब जात होते. बाणांच्या बापाचं काय जातंय?

"अरे, आम्ही रस्त्यावरून घरात उतरतो. चढत नाही."

"पायऱ्या चढून-उतरून रस्ते आखत नाहीत, ताई."

ऑफिसात त्याला पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. मोजणीवाले त्याच्या लेखी खुंट्या ठोकणारे. कंत्राटदार मातीचोर. मेहुण्याचं तर नावच नको. स्वतः यायची छाती नाही म्हणून बायकोला पुढे केलंय. नकाशे आज मंजुरीला जायचे होते. एकदा गेले की रस्ता ठरला, आणि रस्त्याचं पाणी कुणाच्या दारात शिरणार तेही ठरलं.

"थांब, तुझी खात्रीच पटवतो." त्याने जमिनीचे थर उघडले.

*खालचा थर: नवी मोजणी. विटांसाठी माती उपसून तिथे वसाहत झाल्यानंतरची.*
*वरचा थर: जुनी मोजणी. उपसण्याआधीची.*

हात माउसवरच थबकला.

दोन जमिनी एकत्र करताना जी नंतर चिकटवावी ती वर बसते आणि खालचीला झाकते. यातली खरी कुठली, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. नवशिक्यांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे तोच शिकवायचा, डाफरून. आणि नवी आधी, जुनी नंतर चिकटवली कुणी? त्यानेच. दुसऱ्या कुणाचा हात या फाइलला लागला नव्हता. लागू दिला नव्हता.

त्याने क्रम उलटा केला. पडद्यावरची जमीन खचली. वसाहतीच्या जागी बशीसारखा खड्डा पडला. इतका वेळ लांब पळणारे बाण वळले आणि एकामागून एक त्यात उतरले.

"हां, हे आमचं," ताई म्हणाली. गर्दीत आपलं माणूस दिसावं तशी.

तेवढ्यात साहेब दारात. "झालं का रे? या रस्त्यावर तुझी बढती आहे. काही राहिलंय?"

राहिलं होतं की. रस्ता खाली घ्यावा लागणार होता. नाला नव्याने आखावा लागणार होता. आणि चारचौघांत म्हणावं लागणार होतं, माझं चुकलं. सर्वज्ञाला त्या वाक्याचा सराव नव्हता.

"काही नाही, साहेब. पाठवतोच."

*खालचा थर: नवी मोजणी.*
*वरचा थर: जुनी मोजणी.*

खड्डा बुजला. घमेलंभर मातीसुद्धा लागली नाही. बाण पुन्हा शहाण्यासारखे लांब निघाले. नकाशे गेले. साहेबही गेले.

मग तो खुर्ची ओढून ताईजवळ सरकला. आवाज खाली आणला. इतकी माया त्याच्या तोंडावर कित्येक वर्षांत आली नव्हती.

"ताई, माझं ऐक. पावसाळ्याआधी ते घर विकून टाक. नवा रस्ता होतोय, भाव चांगला येईल."

ताईने पर्स खांद्याला लावली.

"विकते," ती म्हणाली. "घेणाऱ्याला कुठली जमीन दाखवू, वरची की खालची?"